नाणेफेकीने निवडलेल्या खिडक्या: यादृच्छिक सबशिफ्ट ०.५ ओलांडताना का बदलते?

प्रश्न सांगलीच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा आहे. प्रबंधासाठी ती एक प्रोग्रॅम चालवते आहे. चिन्हं दोनच, ० आणि १. ख लांबीचे सगळे शब्द घ्यायचे, म्हणजे २^ख, आणि प्रत्येकासाठी वेगळं नाणं टाकायचं: प या संभाव्यतेने शब्द ठेवायचा, नाहीतर काढून टाकायचा. मग दोन्ही बाजूंनी अनंत अशा माळा शोधायच्या, ज्यांच्यावर कुठेही ख लांबीची खिडकी ठेवली तरी आत ठेवलेलाच शब्द दिसेल. अशा सगळ्या माळांचा संच, एकेक घर सरकवण्याच्या क्रियेसकट, म्हणजे यादृच्छिक सबशिफ्ट. प = ०.४५ ला तिला दहातून एखाद्या वेळी काहीच मिळत नाही, एरवी दोन-चार आवर्ती माळा मिळतात, त्याही दर वेळी वेगळ्या. प = ०.५५ ला मात्र ख वाढवत नेला की एंट्रॉपीचा (म्हणजे लांबीबरोबर शब्दांची संख्या ज्या दराने वाढते त्याच्या लॉगचा) आकडा ०.०९५ च्या आसपास येऊन बसतो. ती विचारते, "सर, प्रोग्रॅम चुकलाय का? आणि ०.४५ चे निकाल इतके विखुरलेले आहेत, तर एंट्रॉपीची सरासरी काढून तक्त्यात टाकू का?"

प्रोग्रॅम बरोबर आहे. सरासरी काढू नका. ०.४५ ला जे विखुरलेपण दिसतं ते गोंगाट म्हणून पुसून टाकायची गोष्ट नाही, तेच तिथलं उत्तर आहे. ०.५ च्या खाली ख कितीही वाढवला तरी निकाल दैवाधीन राहतो, आणि त्या दैवाचा नेमका नियम सांगता येतो. ०.५ च्या वर तीच नाणी टाकूनही निकाल जवळजवळ ठरलेला असतो. हे दोन प्रदेश वेगळे का, एवढंच मी इथे सांगतो.

आधी ख = ३ घेऊ, कारण हे उदाहरण मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या तोंडात आहे. लघु म्हणजे ०, गुरू म्हणजे १. तीन अक्षरांचे आठ गण. "यमाताराजभानसलगं" हे सूत्र लघु-गुरूत लिहिलं तर ०१११०१०००१ मिळतं. त्यावर तीन घरांची खिडकी सरकवत नेली की य, म, त, र, ज, भ, न, स हे आठही गण एकेकदाच येतात. शेवटचे "लगं" आणि सुरुवातीचे "यमा" दोन्ही ०१ असल्यामुळे ही माळ गोल जोडताही येते. गणितात अशा माळेला दे ब्रुइन माळ म्हणतात (त्यांचा लेख १९४६ चा). छंदशास्त्रवाल्यांनी ती पाठांतरासाठी केव्हाच बनवून ठेवली होती.

आता नाणी टाका. समजा य, त, र, स राहिले आणि म, ज, भ, न गेले. दोन-दोन अक्षरांच्या जोड्या हे बिंदू माना, गण हे एका जोडीतून दुसऱ्या जोडीत जाणारे बाण माना. य हा ०१ पासून ११ कडे जातो, त हा ११ पासून १० कडे, र हा १० पासून ०१ कडे. वर्तुळ पूर्ण झालं. स निघतो ०० पासून, पण ०० मध्ये नेणारे बाण दोनच, भ आणि न, आणि ते दोन्ही गेलेत. म्हणजे स हातात असूनही दोन्हीकडे अनंत माळेत त्याला जागा नाही, तो छाटायचा. उरली एकच माळ: लगगलगगलगग. हा भुजंगप्रयाताचा ठेका. सज्जनगड डोळ्यांसमोर असलेल्या साताऱ्यात तो कुणाला मोजून दाखवावा लागत नाही. माळ एकच, तिची सरकवलेली रूपं तीन, एंट्रॉपी शून्य.

आता यांच्या जोडीला ज ही वाचला असता तर? ज हा ०१ पासून थेट १० कडे जातो. मग ०१ ला उभं राहिलं की दोन रस्ते: लांबचा "लगग" आणि जवळचा "लग". हे दोन तुकडे हव्या त्या क्रमाने जोडता येतात, म्हणून माळा अगणित झाल्या. वाढीचा दर मिळतो घन = स्वतः + १ या समीकरणातून, सुमारे १.३२५. त्याचा नैसर्गिक लॉग ०.२८. एका नाण्याने शून्य एंट्रॉपीची व्यवस्था धन एंट्रॉपीची झाली. ख लहान असताना हेच चालतं, एकेक नाणं सगळं फिरवू शकतं. ख मोठा झाल्यावर एकट्या नाण्याची ही ताकद टिकते का, हा खरा प्रश्न.

मोठ्या ख साठी चित्र तेच. बिंदू २^(ख−१), प्रत्येकातून दोन बाण निघतात, दोन येतात. प्रत्येक बाण प या संभाव्यतेने वाचतो. एका बिंदूपासून पुढे चालत सुटा. दर पावलाला सरासरी २प वाटा उरतात. गाल्टन आणि वॉटसन यांनी १८७० च्या दशकात आडनावं नामशेष कशी होतात याचा जो हिशेब मांडला, तोच इथे लागू पडतो: दर पिढीला सरासरी एकापेक्षा कमी वारस असतील तर घराणं बुडतं, जास्त असतील तर काही घराणी टिकतात. म्हणून सीमा २प = १ वर, म्हणजे ०.५ वर.

सीमेच्या खाली काय उरतं? वंश सगळे बुडतात, अपवाद त्या वाटांचा ज्या लवकरच स्वतःवर परत येतात. म्हणजे छोटी वर्तुळं. ० ची अखंड माळ आणि १ ची अखंड माळ या दोघी फक्त एकेका खिडकीवर जगतात, म्हणून प्रत्येकीची वाचण्याची संभाव्यता प. ०१०१… ला दोन खिडक्या लागतात, म्हणून प^२. आवर्तन तीनचं असेल अशी वर्तुळं दोन, चारची तीन, पाचची सहा, सहाची नऊ. ख पुरेसा मोठा असेल तर वेगवेगळ्या छोट्या वर्तुळांत एकही खिडकी समाईक नसते, त्यामुळे त्यांची नशिबं स्वतंत्र. हाती काहीच न लागण्याची संभाव्यता हा मग साधा गुणाकार: (१−प) दोनदा, (१−प^२) एकदा, (१−प^३) दोनदा, (१−प^४) तीनदा, असं पुढे.

हा अनंत गुणाकार बरोबर १ − २प इतका येतो. मला हा या विषयातला सगळ्यात देखणा क्षण वाटतो. कारण सांगायला एक ओळ पुरते: गुणाकाराचा लॉग घेऊन उलगडला की आवर्ती बिंदूंची, म्हणजे क घरं सरकवली तरी तशाच राहणाऱ्या माळांची, संख्या समोर येते, ती क आवर्तनासाठी २^क असते, आणि (२प)^क भागिले क या पदांची बेरीज म्हणजे −लॉग(१−२प). हा गुणाकार म्हणजे, आवर्ती बिंदूंच्या सगळ्या संख्या एकत्र बांधणारं जे झीटा फलन, त्याचा व्यस्त. गतिक व्यवस्थांसाठी हे फलन आर्टिन आणि मेझर यांनी १९६५ मध्ये मांडलं आणि सांत प्रकारच्या (म्हणजे आपल्यासारख्या, शब्दांच्या सांत यादीने ठरणाऱ्या) सबशिफ्टसाठी ते निश्चयकातून कसं काढायचं हे बोवेन आणि लॅनफोर्ड यांनी १९७० मध्ये दाखवलं. यादृच्छिक सबशिफ्टचा सिद्धांत म्हणून हे सगळं केविन मॅकगॉफ यांनी २०१२ च्या लेखात सिद्ध केलं.

पटत नसेल तर प = ०.२५ घेऊन कागदावर करून पाहा. पहिली दोन पदं ०.५६२५, पुढच्याने ०.५२७, मग ०.५११, ०.५०५, ०.५०२. उत्तर ०.५ कडे चाललंय हे पाचव्या पायरीलाच दिसतं. आणि तुमच्या ०.४५ ला? १ − ०.९ = ०.१. दहातून एकदा रिकामं, हे तुम्हाला दिसलंच होतं. वाचलेल्या वर्तुळांची सरासरी संख्याही याच यादीतून निघते, ०.४५ ला ती दोनाच्या जवळपास येते. म्हणून तक्त्यात एंट्रॉपी टाकण्यात अर्थ नाही, ती जवळजवळ दर वेळी शून्यच असणार. रिकामं निघण्याचं प्रमाण द्या, वाचलेल्या वर्तुळांच्या संख्येचं वितरण द्या, आणि शेजारी सूत्राचे आकडे द्या. परीक्षक जागा असेल तर तिथेच थांबून वाचेल.

लांब वर्तुळांचं काय, अशी शंका बैठकीत कुणीतरी हमखास काढतं. क लांबीची वर्तुळं जास्तीत जास्त २^क भागिले क, प्रत्येक वाचण्याची संभाव्यता प^क. ०.५ च्या खाली या सगळ्यांची शेपटी भूमितीय श्रेढीसारखी आटते. प ०.४९ असेल तर हळू आटते, म्हणून तिथे छोट्या ख वर सूत्राशी ताळा जमायला वेळ लागतो. एवढंच.

आता वरचा प्रदेश, आणि इथे जरा रेंगाळावं लागेल, कारण ०.०९५ हा आकडा "लॉग २प" आहे (२ × ०.५५ = १.१, त्याचा नैसर्गिक लॉग ०.०९५३) हे सगळ्यांना चटकन सुचतं, पण त्यामागचा युक्तिवाद बहुतेक जण चुकीचा देतात.

सहज सुचणारा युक्तिवाद असा. ट लांबीचे शब्द २^ट. प्रत्येकात ट−ख+१ खिडक्या. सगळ्या वेगळ्या असतील तर शब्द टिकण्याची संभाव्यता प^(ट−ख+१). म्हणून टिकणाऱ्या शब्दांची अपेक्षित संख्या साधारण (२प)^ट. लॉग घ्या, ट ने भागा, ट अनंताला न्या. झालं!

झालं नाही. ख तसाच धरून ट अनंताला नेलात तर खिडक्या वेगळ्या राहूच शकत नाहीत, कारण एकूण खिडक्याच २^ख आहेत. शिवाय अपेक्षित संख्या तिथे सरळ फसवते. सगळीच नाणी अनुकूल पडण्याची संभाव्यता प^(२^ख) आहे, अत्यंत क्षुल्लक, पण ट वर अवलंबून नसलेली. तसं झालं तर २^ट शब्द मिळतात. ट पुरेसा वाढवला की अपेक्षित संख्येवर हा एकच अशक्यप्राय प्रसंग राज्य करतो, आणि हिशेब म्हणतो एंट्रॉपी लॉग २. ते धादांत खोटं आहे.

मार्ग असा की ट अनंताला न्यायचाच नाही. ट ख पेक्षा खूप मोठा, पण २^(ख/२) पेक्षा खूप लहान असा पकडायचा. ट = ख × ख चालतं. वरची मर्यादा फुकट मिळते: कोणत्याही ट साठी शब्दसंख्येचा लॉग भागिले ट हा एंट्रॉपीपेक्षा कमी नसतो. २^(ख/२) का, तर वाढदिवसाचा जुना हिशेब: ट खिडक्यांत साधारण ट×ट/२ जोड्या, दोन खिडक्या जुळण्याची संभाव्यता २ चा −ख वा घात, म्हणून ट त्या मर्यादेच्या बराच खाली असेल तर बहुतेक शब्दांत खिडकी पुन्हा येतच नाही.

खालच्या मर्यादेसाठी एक छान युक्ती आहे. वाचलेल्या बिंदू-बाणांच्या ग्राफच्या मॅट्रिक्सची सगळ्यात मोठी आयगनव्हॅल्यू म्हणजे वाढीचा दर. ट आवर्तनाच्या बिंदूंची संख्या म्हणजे त्या मॅट्रिक्सच्या ट व्या घाताचा कर्णयोग. आयगनव्हॅल्यू एकूण २^(ख−१), म्हणून कर्णयोग हा सगळ्यात मोठीच्या ट व्या घाताच्या २^(ख−१) पटीपेक्षा जास्त असू शकत नाही. ट व्या मुळात ही पट २^(ख/ट) इतकी होते, आणि ट ख पेक्षा खूप मोठा असल्याने ती १ कडे जाते. म्हणजे आवर्ती बिंदू पुरेसे आहेत एवढं दाखवलं की काम झालं.

ते दाखवायला दुसरा घात, म्हणजे प्रचरण: संख्या सरासरीपासून किती विखुरते याचं माप. दोन वर्तुळं सलग ज खिडक्या (इथे ज ही संख्या, गण नव्हे) वाटून घेत असतील तर त्यांची ख−१+ज अक्षरं जुळली पाहिजेत. अशा जोड्यांचा वाटा साधारण ट×ट भागिले २^(ख+ज). पण त्या जोड्या ज नाणी वाचवतात, म्हणून वाचण्याची संभाव्यता १/प^ज पट वाढते. दोन्ही गुणले की ट×ट/२^ख गुणिले १/(२प)^ज. २प एकापेक्षा मोठा असेल तर ज वरची बेरीज सांत आणि एकूण सगळं शून्याकडे. २प एकापेक्षा लहान असेल तर हीच बेरीज फुगते, म्हणजे वर्तुळं एकमेकांना चिकटून जगतात-मरतात. सीमा ०.५ वर का, याचं दुसरं आणि जास्त प्रामाणिक उत्तर या एका गुणाकारात आहे.

छोट्या ख वर ०.५५ चे आकडे हलत राहतात तेही यातून उमगतं. ख = १२ ला ख × ख = १४४, पण २^६ = ६४, म्हणजे हवी ती मधली जागाच नाही. ख = २० ला ४०० आणि १०२४, जागा आहे. हे सिद्धतेचं माप आहे, निसर्गनियम नव्हे, पण अंदाजाला उपयोगी पडतं.

वरच्या प्रदेशात गाभा, म्हणजे छाटणीनंतर उरणारे बिंदू, केवढा असतो याचा ढोबळ अंदाज पुन्हा घराण्यांच्या हिशेबातून काढता येतो. ०.५५ ला एका बिंदूपासून पुढची वाट संपून जाण्याची संभाव्यता (०.४५/०.५५) चा वर्ग, सुमारे ०.६७. टिकण्याची ०.३३. मागच्या दिशेलाही तेवढीच. दोन्ही टिकायला हव्यात, म्हणून बिंदूंपैकी साधारण ११ टक्के गाभ्यात. प १ च्या पुरेसा जवळ असेल तर धन एंट्रॉपीचा एकच घटक (एकमेकांकडे जाता-येता येणाऱ्या बिंदूंचा गट) असतो हे मॅकगॉफ यांच्या त्याच लेखात आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये तेही तपासा.

प्रोग्रॅमबद्दल दोन-तीन गोष्टी. ग्राफ साठवूच नका. शब्दाचा आकडा दोनने भागून आलेला पूर्णांक म्हणजे बाणाचा आरंभबिंदू, २^(ख−१) ने भागून उरलेली बाकी म्हणजे अंत्यबिंदू. साठवायची फक्त नाण्यांची यादी, ख = २० ला दहा लाखांहून थोड्या जास्त नोंदी, कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनलाही ते जड नाही. आधी आत येणारा किंवा बाहेर जाणारा बाण नसलेले बिंदू छाटा, छाटल्यावर नवे तसे तयार होतात, तेही छाटा, थांबेपर्यंत. मग टार्जनच्या पद्धतीने (१९७२) घटक वेगळे करा, पण पायथॉनमध्ये ती रिकर्शनने लिहू नका, खोलीची मर्यादा लगेच आडवी येते. आयगनव्हॅल्यूसाठी वारंवार गुणाकाराची पद्धत वापरत असाल तर घटकाचं आवर्तन एकापेक्षा जास्त निघालं की आकडा हेलकावे खात राहतो. मॅट्रिक्समध्ये एकक मॅट्रिक्स मिळवा, उत्तरातून १ वजा करा, हेलकावे थांबतात.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ होती, "द्विमितीत हे सगळं कोसळत असेल ना?" भीती रास्त आहे. रॉबर्ट बर्गर यांनी १९६६ मध्ये दाखवलं की फरशांचे नियम दिले असता त्यांनी अख्खं प्रतल भरता येतं की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण पद्धतच नाही. मग रिकाम्या असण्याची संभाव्यता काढणार कशी? पण मॅकगॉफ आणि रॉनी पाव्हलोव्ह यांनी दाखवलं आहे की नियम यादृच्छिक निवडले तर ख वाढताना ती संभाव्यता कुठे जाऊन थांबते हे काढता येतं, आणि माळा आहेत पण आवर्ती एकही नाही अशा विचित्र व्यवस्था मिळण्याची संभाव्यता शून्याकडे जाते. राक्षस आहेत, पण नाणेफेकीत सापडत नाहीत. एम.एस्सी.च्या प्रबंधात मात्र तिकडे जाऊ नका.

त्यापेक्षा मूळ व्यवस्थाच बदलून पाहा. आधीच अट घाला की दोन गुरू शेजारी येणार नाहीत, आणि उरलेल्या शब्दांवर नाणी टाका. असे शब्द लांबीनुसार २, ३, ५, ८, १३. मात्रा मोजताना हेमचंद्रांनी बाराव्या शतकात दिलेला हाच क्रम. वाढीचा दर १.६१८, म्हणून सीमा आता ०.५ वर नसून १/१.६१८ म्हणजे ०.६१८ वर. तिच्या खाली रिकामं निघण्याची संभाव्यता १ − प − प^२, तिच्या वर एंट्रॉपी लॉग(१.६१८ × प). प = ०.५ ला चारातून एकदा रिकामं आलं पाहिजे, ०.५५ ला शंभरातून साधारण पंधरा वेळा, आणि ०.७ ला एंट्रॉपी ०.१२५ च्या जवळ. कोडमध्ये बदलायची ती फक्त शब्दांची सुरुवातीची यादी. हे तीन आकडे जुळले तर प्रोग्रॅमबद्दलची शंका मिटली. ०.५ ला रिकामं येण्याचं प्रमाण शून्याच्या जवळ दिसलं तर समजा की शेजारच्या दोन गुरूंचे शब्द यादीतून निघालेलेच नाहीत.